शोरूमची सर्व्हिसिंग की घरचा पाना? सावळघाटात मिळालेला एक धडा



आजचा विषय जरा वेगळा आहे. मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगचा. तुम्ही म्हणाल, सरांनी आता गॅरेज टाकलं की काय! तसं काही नाही. पण आपल्यातले कितीतरी जण रोज गाडीवरून शाळेत जातात, कितीतरी पालक पोराला टाकीवर आणि पोरीला मागे बसवून शाळेत सोडतात. त्या गाडीचा ब्रेक शेवटचा कधी तपासला, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "सर्व्हिसिंगला टाकली होती ना!" माझंही हेच उत्तर होतं. ते उत्तर अपुरं आहे हे मला माझ्या एका चौथीतल्या विद्यार्थिनीने शिकवलं. म्हणून हा लेख.

त्या सोमवारी काय झालं?

मी नाशिकमध्ये पेठ रोडच्या बाजूला राहतो. शाळा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर, द्विशिक्षकी. जायला चाळीस किलोमीटर, यायला चाळीस. (मुख्यालयी राहण्याचा विषय आज नको, त्यावर वेगळा लेख होईल!) वाटेत सावळघाट लागतो. पावसाळ्यात तिथे धुकं, निसरडा रस्ता आणि समोरून येणारे मालट्रक, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

गाडी माझी शंभर सीसीची, 2017 ची, दोन्ही चाकांना साधे ड्रम ब्रेक. जुलै महिना होता. शनिवारी गाडी सर्व्हिसिंगला टाकली. नेहमीचंच अधिकृत सेंटर. संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून चकाचक मिळाली. जॉब कार्डवर सगळ्या कामांपुढे टिक केलेली. मी बिल पाहिलं, पैसे दिले, घरी आलो. रविवारी गाडी जागची हलली नाही.

सोमवारी सकाळी घाट उतरायला लागलो. पहिल्या वळणावर मागचा ब्रेक दाबला तर पेडल नुसतं खाली गेलं. पार खाली. ब्रेक लागला, पण अगदी नावाला. भुरभुर पाऊस चालू होता. पुढचा ब्रेक जोरात दाबला असता तर चाक घसरलं असतं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, पुढचा ब्रेक हलक्या हाताने दाबत-सोडत, कडेकडेने उतरलो. शाळेत पोचलो तेव्हा रेनकोटच्या आत घामाने भिजलो होतो.

मुलं परिपाठासाठी जमत होती. मी गाडीजवळ बसून मागच्या चाकाकडे बघत होतो आणि खरं सांगतो, काय बघायचं हेच मला कळत नव्हतं. दहा वर्षं गाडी चालवतोय, पण कुठली सळई कशाला जोडलीय हे माहीत नाही. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी शेजारी येऊन वाकली आणि म्हणाली, "गुरुजी, हा नट पार टोकाला आलाय. आमच्या काकाच्या गाडीचा असा नसतो. काका हाताने फिरवून घट्ट करतो."

आणि खरंच, तेवढंच होतं. पायाचं पेडल दाबलं की एक लांब सळई पुढे ओढली जाते. ती सळई मागच्या ड्रमवरच्या छोट्या दांड्याला ओढते, आत लायनर ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. सळईच्या शेवटी एक नट असतो. तो आत फिरवला की ब्रेक लवकर लागतो, बाहेर फिरवला की उशिरा. माझा नट सळईच्या शेवटच्या आट्यांवर होता. आणखी चार-दोन वेढे सैल होता तर तो निघूनच पडला असता. मग मागचा ब्रेक नावालाही उरला नसता.

मी हातानेच तो नट फिरवला. पाना लागला नाही. पाच मिनिटं गेली.

चूक कोणाची?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सेंटरला गेलो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. सुपरवायझरने माफी मागितली, पण ज्या मुलाने गाडी उघडली होती त्याच्याशी बोललो तेव्हा खरी गोष्ट कळली. आयटीआय करून नुकताच लागलेला पोरगा. त्याने काम चुकवलं नव्हतं, उलट केलं होतं. ड्रम साफ करायचा तर मागचं चाक काढावं लागतं. चाक काढायचं तर तो नट पूर्ण सोडावा लागतो. त्याने ड्रम साफ केला, चाक बसवलं, नट लावला, आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. नट मोजून आत घ्यायचा राहिला. टिक मात्र झाली, कारण "ब्रेक साफ करणे" हे काम झालेलंच होतं.

तो जाताना हळूच म्हणाला, "सर, खरं सांगू का? गाडी नेताना कुणी ब्रेक दाबून बघत नाही. सगळे बिल बघतात."

मला हे फार लागलं, कारण मीही बिलच बघितलं होतं. दोनशे मीटर गाडी चालवून तीन वेळा ब्रेक दाबला असता तर सेंटरच्या दारातच कळलं असतं.

कायद्याचंही म्हणणं जवळपास हेच आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 190 मध्ये धोकादायक दोष असलेलं वाहन रस्त्यावर चालवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात दोन प्रकारचे दोष धरलेत. चालवणाऱ्याला माहीत असलेला दोष, आणि साधी काळजी घेतली असती तर त्याला कळू शकला असता असा दोष. म्हणजे "मला माहीत नव्हतं, सर्व्हिसिंगला टाकली होती" एवढ्यावर सुटका नाही. साधी काळजी आपणच घ्यायची.

"जे आधी होईल ते"

त्या रात्री गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा तिचं मॅन्युअल शोधून वाचलं. आपण मुलांना "सूचना नीट वाचा" म्हणून सांगतो, आणि सात वर्षं हे पुस्तक माझ्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत तसंच होतं!

त्यात माझीच एक मोठी चूक सापडली. फ्री सर्व्हिसिंग संपल्यानंतरचं वेळापत्रक असं होतं: दर 3000 किलोमीटर किंवा तीन महिने, जे आधी होईल ते. मी तीन महिने धरून चाललो होतो. आता साधा गुणाकार करा.

रोजचे 80 किलोमीटर. महिन्यात शाळेचे साधारण 22 दिवस. 80 गुणिले 22 म्हणजे 1760. तीन महिन्यांत 5280 किलोमीटर.

म्हणजे 3000 ला करायची सर्व्हिसिंग मी दर वेळी सव्वापाच हजारांना करत होतो. "आधी" काय होतं हे कधी पाहिलंच नाही. आठवणीचा मेसेज यायचा तो तारखेवर. माझी गाडी किती पळते हे तो मेसेज पाठवणाऱ्याला कसं कळणार? अपडाउन करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा गुणाकार आजच करून पाहावा. (उलट ज्यांची गाडी महिन्याला शंभर किलोमीटरच चालते, त्यांनी महिने मोजायचे. न चालणाऱ्या गाडीचं ऑइलही जुनं होतं.)

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो

इथवर वाचून वाटेल की सर आता सांगणार, शोरूम सोडा, सगळं घरी करा. मलाही तसंच वाटलं होतं. यूट्यूबवर चार-पाच व्हिडिओ पाहिले, भद्रकालीतून पान्यांचा सेट आणला, आणि ठरवलं, आता ऑइलसुद्धा मीच बदलणार.

बदललं. ऑइल काढायचा बोल्ट सोडला, जुनं काळं ऑइल एका डब्यात घेतलं, नवं भरलं. आनंद इतका झाला की शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं. पंधरा दिवसांनी घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढायला लागला, पण गाडी काही पुढे जोर धरेना. ॲक्सिलरेटर पिळला तर नुसती घरघर. क्लच घसरत होता.

आमच्या भागात झाडाखाली बसणारे एक फिटर काका आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, ऑइल कुठलं टाकलं?" मी डबा दाखवला. कारचं ऑइल होतं. दुकानात स्वस्त मिळालं, ग्रेडचा आकडा जुळत होता, म्हणून घेतलं होतं.

काकांनी समजावलं. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात म्हणून गाडी पुढे जाते. कारच्या कित्येक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ टाकलेले असतात, कारण कारचा नेहमीचा क्लच ऑइलमध्ये नसतो. तेच ऑइल आपल्या गाडीत गेलं की प्लेटा निसटायला लागतात. म्हणून डब्यावर नुसता 10डब्ल्यू-30 किंवा 20डब्ल्यू-50 हा आकडा पाहायचा नाही, त्याबरोबर "जासो एमए" किंवा "एमए2" ही खूण पाहायची. ही खूण म्हणजे मोटारसायकलच्या ओल्या क्लचला चालणारं ऑइल.

ऑइल पुन्हा बदललं, क्लच प्लेटाही बदलाव्या लागल्या. वाचवलेले शे-दीडशे रुपये कितीतरी पटीने गेले. आणि ते जुनं ऑइल? डबा आठवडाभर बाल्कनीत पडून होता. ते गटारीत ओतायचं नसतं, झाडालाही नाही. शेवटी गॅरेजवाल्याकडे नेऊन दिलं, त्यांच्याकडे ते गोळा होतं.

शोरूमवर डोळे झाकून विश्वास ठेवला तेव्हा ब्रेक गेला, आणि व्हिडिओवर डोळे झाकून विश्वास ठेवला तेव्हा क्लच गेला. दोन्ही वेळी तपासायचं काम मी केलं नव्हतं. गाडी कोणाच्या हातात होती, हा प्रश्न त्यानंतरचा.

तीन वाटण्या

आता मी कामांच्या सरळ तीन वाटण्या केल्यात. तुम्हालाही उपयोगी पडतील.

*पहिली: दर रविवारी दहा मिनिटं, फक्त डोळे आणि हात.* गाडी थंड, इंजिन बंद, मेन स्टँडवर.

1. टायरमधली हवा. पंपावर गेल्यावर आकडा विचारून भरायची, "मारा थोडी" असं नाही. एकट्यासाठी किती आणि मागे कोणी असताना किती, हे मॅन्युअलमध्ये असतं. हवा टायर थंड असताना मोजायची. टायरच्या नक्षीत तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा.
2. ब्रेक. मागच्या पेडलची मोकळी चाल किती ते पाहायचं. माझ्या गाडीला दोन ते तीन सेंटीमीटर. त्यापुढे ब्रेक लागायला सुरुवात व्हायला हवी. सोडल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे. बऱ्याच गाड्यांच्या ड्रमवर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो बाण खुणेपर्यंत पोचला म्हणजे लायनर संपलेत.
3. चेन. चेनच्या खालच्या बाजूच्या मधोमध बोटाने वर-खाली करून पाहायचं. कव्हर असेल तर खाली रबरी बूच असतं, ते काढायचं. साध्या गाड्यांना दोन-तीन सेंटीमीटर चाल बरी. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी पाहा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.
4. ऑइलची पातळी. गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडं थांबून. काही गाड्यांत काठी नुसती टेकवून मोजतात, काहींत आटे बसवून. आपली पद्धत कुठली ते वाचून घ्या.
5. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न आणि मागचा ब्रेक लाइट. ब्रेक लाइट आपल्याला दिसत नाही, म्हणून मुलांना मागे उभं करा. त्यांना फार आवडतं.

*दुसरी: शिकून करण्यासारखी कामं.* चेन पुसून तिला चेनचं स्प्रे किंवा जाड गिअर ऑइल लावणं, ब्रेकचा नट जुळवणं, प्लग काढून साफ करणं, एअर फिल्टर पाहणं, क्लचची केबल जुळवणं. ही पहिल्या वेळी कोणा जाणत्या माणसासमोर करावीत. एक नमुना सांगतो. चेन जोडणारी माशासारखी छोटी क्लिप असते. तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवायचं, उघडी शेपटी मागे. उलटी बसली आणि धावताना कशाला घासली तर ती निघू शकते. हे एवढंसं आहे, पण व्हिडिओ पळवत पाहिला की नेमकं हेच सुटतं. आणि चेन ताणली की मागचं चाक थोडं मागे सरकतं, म्हणून ब्रेक पुन्हा जुळवावा लागतो. एक काम केलं की त्याला जोडलेलं दुसरं तपासायचं.

*तिसरी: ज्याला जमतं त्याच्याकडेच.* इंजिन उघडणं, डिस्क ब्रेकमधलं ऑइल बदलणं, वायरिंग आणि सेन्सर. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे 125 सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. अशा गाडीचा बिघाड शोधायला सेंटरवरचं यंत्र लागतं. पूर्वी वडील स्क्रू ड्रायव्हरने कार्बोरेटर जुळवायचे, ते दिवस या गाड्यांना लागू नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर वेळापत्रकाप्रमाणे अधिकृत सेंटरलाच न्या, नाहीतर पुढे वॉरंटी मागताना अडचण येते. फक्त एक लक्षात ठेवा, "फ्री सर्व्हिसिंग" म्हणजे सहसा मजुरी फ्री. ऑइल आणि पार्टचे पैसे लागतातच.

सेंटरला गाडी देताना आणि घेताना

देताना "जरा बघा सगळं" असं म्हणू नका. तक्रार वाक्यात लिहून घ्या: "उतारावर ब्रेक दाबल्यावर मागून कर्कश आवाज येतो." किलोमीटरचा आकडा जॉब कार्डवर टाकायला लावा. बदललेले जुने पार्ट परत मागा. यात संशय घेण्यासारखं काही नाही, चांगले मेकॅनिक स्वतःच दाखवतात. अंदाजापेक्षा जास्त खर्च निघाला तर आधी फोन करायला सांगा.

घेताना बिलाच्या आधी गाडी पाहा. दोन्ही ब्रेक दाबा, चाक फिरवा, चेनला बोट लावा, लाइट पाहा, मग आवारात एक चक्कर मारा. पाच मिनिटं लागतात. मी आता हे करतो तेव्हा तो आयटीआयवाला पोरगा स्वतः पाना घेऊन शेजारी उभा राहतो. एकदा त्यानेच थांबवलं, "सर, थांबा, अजून अर्धा वेढा घेतो." मला वाटतं, कुणीतरी बघणार आहे हे माहीत असलं की काम करणाऱ्यालाही बरं वाटतं.

काम नीट झालं नाही आणि सेंटर ऐकत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सदोष सेवेविरुद्ध दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. त्यासाठी जॉब कार्ड आणि बिल जपून ठेवा.

आणि आपला झाडाखालचा फिटर? त्याला कमी लेखू नका. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना दंड केला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण प्रश्न सगळ्यांसमोर आला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. मुद्दा हा की आपण विकत घेतलेली वस्तू समजून घेण्याचा आणि हवं तिथे दुरुस्त करून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. हक्क वापरायचा तर थोडं शिकावंही लागतं.

वर्गात गाडी

आता शाळेकडे येतो. त्या सोमवारनंतर मी एक शनिवार दप्तराविना ठेवला आणि गाडीच वर्गासमोर उभी केली. आधी नियम: इंजिन बंद, किल्ली गुरुजींच्या खिशात, चाक फक्त गुरुजी फिरवणार, चेनजवळ कुणाचंही बोट जाणार नाही. चेन आणि दात्यांच्या मध्ये बोट सापडलं तर हाताने फिरवलेल्या चाकानेही जबर इजा होते. हे गमतीत घेऊ नका.

*मापन.* टायरवर खडूची खूण केली, अंगणात गाडी सरळ ढकलली, खूण पुन्हा खाली आली तिथे रेघ मारली. एका फेरीत अंतर भरलं 1 मीटर 87 सेंटीमीटर. मग प्रश्न: गुरुजींच्या घरापासून शाळेपर्यंत चाक किती वेळा फिरतं? 40 किलोमीटर म्हणजे 40,000 मीटर. मोठ्या मुलांनी भागाकार केला, एकवीस हजारांहून जास्त फेऱ्या! मुलं अवाक. एक जण म्हणाला, "म्हणून टायर झिजतं."

*गुणोत्तर.* पुढच्या स्प्रॉकेटला 14 दाते आणि मागच्याला 42 असले तर पुढचं किती वेळा फिरल्यावर मागचं एकदा फिरेल? चित्र काढून, दाते मोजून तीनचा पाढा समजला.

*वेग.* ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 11 मीटर. अंगणात 11 मीटर मोजून मुलांना उभं केलं आणि विचारलं, ब्रेक दाबायला गुरुजींनी एक सेकंद उशीर केला तर गाडी कुठपर्यंत येईल? सगळ्यांनी त्या अंतराकडे पाहिलं. रस्ता ओलांडताना थांबायचं का, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

*भाषा.* मॅन्युअलमधली एक सूचना वाचून तिच्या क्रमवार पायऱ्या आपल्या शब्दांत लिहायच्या. सूचनालेखनाचा यापेक्षा चांगला सराव मला तरी सापडलेला नाही.

हे काही मी नवीन शोधलेलं नाही. गांधीजींच्या नई तालीमची मांडणी वर्ध्याच्या परिषदेत 1937 मध्ये झाली, ती हाताच्या कामातूनच शिक्षणाची. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे मुलं प्रत्यक्ष काम करत विज्ञान शिकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस आणि स्थानिक कारागिरांकडून शिकणं सुचवलंय. आपल्या गावातला गाडीवाला काका, पंपवाला, सुतार हे सगळे त्यासाठी बोलावता येतात. मी त्या मुलीच्या काकांना बोलावलं. त्यांनी सगळ्यांसमोर ब्रेकचा नट जुळवून दाखवला. तिचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. अभ्यासात ती तशी मागे पडते, वाचन अडखळत करते. मी तिच्या प्रगतिपत्रकात काय लिहीत होतो ते मला त्या दिवशी आठवलं, आणि जरा लाज वाटली.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, प्रगतिपत्रकही एका अर्थाने जॉब कार्डच असतं. त्यावर टिका असतात. त्या टिका आम्ही शिक्षक खोट्या करत नाही, पण चाळीस कामांच्या घाईत एखादा नट आत घ्यायचा राहू शकतो. म्हणून मूल शाळेतून आलं की फक्त शेरा पाहू नका. जवळ बसवून एक पान वाचून घ्या, दुकानातला हिशोब करायला सांगा. काही अडलेलं दिसलं तर येऊन सांगा. त्याने आम्हाला राग येत नाही. माझ्या त्या आयटीआयवाल्या पोरासारखं आम्हालाही बरंच वाटतं.

आणि रविवारी दहा मिनिटं मुलाला बरोबर घेऊन गाडी तपासा. मुलगी असेल तर तिलाही. तिच्याच हातात फडकं द्या.

आता आमच्या शाळेत एक नवीन पद्धत पडलीय. शाळा सुटल्यावर मी किल्ली लावतो तेव्हा फाटकाजवळून हमखास आवाज येतो, "गुरुजी, ब्रेक बघितला का?" बघितला असेल तर मी हात वर करतो. नसेल तर गाडी पुन्हा स्टँडवर लावतो, उतरतो आणि बघतो.

तुमच्या शाळेत असा गाडीचा तास घेतला तर मुलांनी काय विचारलं ते मला जरूर कळवा.